रत्नमुठीचा खंजीर : पातें, मूठ व म्यान यांचा कालनिर्णय

संग्रहालयांच्या याद्यांत आणि विक्रीच्या पत्रकांत "मोगल खंजीर, यशबाची मूठ, १७ वें शतक" अशा धर्तीची नोंद वारंवार आढळते. एका ओळींत एक वस्तु आणि एक काळ. ही रीत सोयीची खरी; परंतु ज्या कारखान्यांत हीं हत्यारें तयार होत तेथें तो खंजीर म्हणजे एक वस्तु नव्हती, तीन होत्या. पातें एका हाताचें, मूठ दुसऱ्याची आणि म्यान तिसऱ्याचें. या तिहींचा जन्म एका वर्षीं झाला असेलच असें नाहीं, आणि झाला असला तरी तीं पुढें एकत्र राहिलीं असतील असें तर मुळींच नाहीं. संग्राहकांनीं या गोष्टीकडे द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं, म्हणून हा लेखप्रपंच.

या कामाची वांटणी कशी होती याविषयीं दुसऱ्या कोणाची साक्ष काढण्याची जरूर नाहीं. खुद्द जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत ती नोंदली आहे. त्यास 'दंदान-इ-माही' म्हणजे वालरस नामक समुद्रप्राण्याच्या दाताच्या मुठींचा मोठा शोक होता. असा एक चित्रविचित्र रंगाचा दात हातीं आल्यावर त्यानें पूरण व कल्याण या दोन कोरक्यांस मुठी करण्याची आज्ञा केली. त्या वेळीं दरबारीं एक विशिष्ट घाट प्रचारांत येऊन त्यास 'जहांगिरी' असें नांव पडलें होतें. तोच घाट मुठीस द्यावयाचा होता. पातें, म्यान आणि बंद यांचें काम मात्र त्या दोघांकडे नव्हतें; तें आपापल्या हुन्नरांत नाणावलेल्या निराळ्या माणसांकडे सोंपविलें होतें. म्हणजे बादशहाच्या डोळ्यांदेखत, एकाच हुकुमानें झालेल्या खंजिरांतसुद्धां एका कारागिराचा हात नाहीं. मग बाजारांतून फिरत आलेल्या हत्याराची काय कथा?

पात्याची गोष्ट आधीं घेऊं. कारण तिन्हींत तेंच बहुधा सन सांगतें. याचें उत्तम उदाहरण म्हणजे जहांगिराची विजेच्या लोखंडाची सुरी. सन १६२१ च्या एप्रिलांत जालंधर परगण्यांतील एका गांवीं पूर्वेकडून प्रचंड आवाज होऊन आकाशांतून एक तेजोगोल पडला. परगण्याचा आमील महंमद सईद तेथें गेला, तों दहाबारा हात जमीन जळून गेलेली. त्यानें खणावयास लाविलें. जों जों खोल जावें तों तों उष्णता अधिक. अखेर तापलेल्या लोखंडाचा एक गोळा निघाला. तो त्यानें थैलींत घालून, मोहोर करून हुजुरास रवाना केला. बादशहानें समक्ष वजन करविलें तें १६० तोळे भरलें. उस्ताद दाऊद यास त्याची तलवार, खंजीर व सुरी करण्याचा हुकूम झाला. दाऊदानें अर्ज केला कीं, हें लोखंड हातोड्याखालीं टिकत नाहीं, फुटतें. तेव्हां तीन भाग हें लोखंड व एक भाग दुसरें अशी मिळवणी ठरली, आणि तींतून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी अशीं चार हत्यारें झालीं.

ही हकीकत दरबारी अद्भुत म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. उल्कालोहांत निकेल असतें. त्याखेरीज गंधक व फॉस्फरस यांचे अंश असले म्हणजे तें तापवून ठोकतांना तडकतें. दाऊदाची तक्रार रसायनशास्त्रास धरूनच होती. हिशेबही जुळतो. १६० तोळ्यांस तिसरा हिस्सा मिळविला म्हणजे सारा गोळा वापरल्यास २१३ तोळे धातु होते. ऐंशी तोळ्यांच्या शेरानें हे अडीच शेरांहून कांहीं अधिक झाले. दोन तलवारींचीं पातीं, एक खंजीर व लहान सुरी यांस एवढी धातु पुरून भट्टींतली घट सोसण्यापुरती शिल्लकही राहते. बादशहानें आंकडे फुगविले असते तर हा मेळ बसता ना.

बेबदलखानानें या प्रसंगावर कविता केली, आणि 'शोला-इ-बर्क-इ-पादशाही' (बादशाही विजेची ज्वाला) या शब्दांत सन गोंविलेला निघाला. अब्जदाप्रमाणें तो पडताळून पाहण्यास हरकत नाहीं. 'शोला' यांत शीन ३००, ऐन ७०, लाम ३० व हे ५, मिळून ४०५. 'बर्क' यांत बे २, रे २००, काफ १००, मिळून ३०२. 'पादशाही' यांत पे (बे प्रमाणेंच) २, अलिफ १, दाल ४, शीन ३००, अलिफ १, हे ५, ये १०, मिळून ३२३. एकूण बेरीज १०३०. हिजरी १०३० हें साल नोव्हेंबर १६२० पासून नोव्हेंबर १६२१ पर्यंत चालतें; तेव्हां आत्मवृत्त व कालश्लेष यांत विरोध नाहीं. हस्तलिखितें चाळणारांनीं एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, जोडणीचा उच्चार दाखविण्यासाठीं नकलकारानें पदरचा एक 'ये' घातला, तर सन दहा वर्षांनीं पुढें सरकतो.

चार हत्यारांपैकीं सुरी आज वॉशिंग्टन येथील फ्रीर संग्रहांत आहे. तिच्यावर ही हकीकत सोन्याच्या अक्षरांत आहे. पण हा लेख पात्यास सन देतो, इतकेंच. कोणत्याही सुरीच्या पात्यावर सन आहे म्हणून मुठीस किंवा म्यानास तो लावावा हा न्याय कोठला?

सामान्य मोगल व दख्खनी पात्यांत उल्कालोह नसून मुशींत वितळविलेलें पोलाद असे. निजामाबाद जिल्ह्यांतील कोनसमुद्रम् हें त्याचें प्रसिद्ध ठिकाण. तेथील कृतीचें डॉ. व्हॉयसी यांनीं केलेलें वर्णन १८३२ सालीं छापलें गेलें, व तेथें पोलादासाठीं इराणी व्यापारी येत असल्याचें त्यांत नमूद आहे. या पोलादाचें पातें मंद आंचेवर ठोकून, घांसून, त्यास हिराकसासारख्या क्षाराचें पाणी दिलें म्हणजे पृष्ठावर लाटांसारखी नक्षी उमटते. तिला 'जौहर' म्हणतात. येथें एक शब्दाचा घोटाळा संभवतो. 'जौहर' म्हणजे रत्नही, आणि त्याच्याच अनेकवचनापासून आपलें 'जवाहीर' आलें. यास्तव जुन्या कागदांत हत्यारास 'जौहरदार' म्हटलेलें दिसलें कीं वाचणारा तें रत्नजडित समजूं पाहतो. वास्तविक तें विशेषण पात्याचें आहे. मुठीचें असतें तर 'मुरस्सा' किंवा 'जडावाचें' असें म्हटलें असतें.

आतां मूठ. तिच्यासाठीं यशब, स्फटिक, अकीक इत्यादि पाषाण वापरीत. त्यांत यशबाचा मान पहिला. हा खोतानकडून येई. तेथील युरुंगकाश नदींत पांढरा व काराकाश नदींत काळसर सांपडतो, आणि नद्यांचीं नांवेंही त्यावरूनच पडलीं आहेत. यशबाची पसंती केवळ रंगावर नव्हती. स्फटिक त्याहून कठीण असतो, तरी आघातानें ठिकरतो. यशबाचे तंतु एकमेकांत विणल्यासारखे असल्यामुळें तो सहसा फुटत नाहीं. मात्र साध्या पोलादी टांकीनें तो कापला जात नाहीं. कुरुंदाची पूड पाण्यांत कालवून, कमानीच्या दोरीनें फिरणाऱ्या चाकावर तो दिवसच्या दिवस झिजवावा लागतो. कोरणें हा शब्द येथें उपचारानेंच वापरावयाचा. खरोखर तें झिजविणें होय. या कामांत मोगल हक्काकांचा हात कोठवर गेला होता हें पहावयाचें असेल तर लंडन येथील शहाजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या यशबाचा प्याला पहावा; त्याचें टोंक बोकडाच्या मस्तकांत संपतें. घोड्याच्या मस्तकाच्या मुठी ह्याच हातोटीच्या, व त्यांचा भर शहाजहान-औरंगजेबांच्या काळांत दिसतो.

मुठीवर माणकें-पाचू बसविण्याची रीत आपल्या भाषेस चांगली ओळखीची आहे. 'कोंदण' हा शब्द आपण रोज वापरतों. अबुल फजल ऐन-इ-अकबरींत सांगतो कीं, इतर देशांत रत्न त्याकरितां केलेल्या खोबणींत पक्कें करितात. हिंदुस्थानांत मात्र तें अत्यंत शुद्ध, मेणासारख्या मऊ सोन्यानें बसवितात. यशबावर तर ही रीत अपरिहार्य होती. कारण दगडास डांक देतां येत नाहीं, व भट्टीची आंच लागल्यास तो बिघडतो. म्हणून आधीं दगडांत वेलबुट्टीच्या चरी पाडीत, त्यांत लाख भरीत, वर रत्न ठेवून भोंवतीं सोन्याच्या पातळ पट्ट्या सलईनें दाबीत. शुद्ध सोनें नुसत्या दाबानेंच एकजीव होतें.

हीच लाख संशोधकाची वैरीण आहे. पाषाणाच्या मुठींत आरपार खिळा घालणें धोक्याचें, तडा जावयाचा. त्यामुळें मुठीच्या पोटांत खोल भोंक पाडून पात्याची शेपटी त्यांत लाखेनें पक्की करीत. आणि लाख थोड्या उष्णतेनें मऊ होते. अर्थात् पातें मोडलें, झिजलें किंवा धन्यास दुसरें आवडलें, तर मूठ शेकवून घटकेंत पालट करतां येई. मूठ मोलाची व पातें वापराचें, म्हणून हा पालट गैर नव्हता. त्या काळचे लोक तो लबाडीनें करीत नसत. लबाडी पुढची. हौशी गिऱ्हाईक पाहून चांगल्या मुठीस लेख असलेलें परकें पातें जोडून किंमत वाढविणें हा व्यापाऱ्यांचा उद्योग, आणि लाखेनें त्यांचेंही काम सोपें केलें. मुठीच्या तोंडाशीं लाख ताजी, चकचकीत दिसली, किंवा पात्याचा खांदा आणि मुठीचा कांठ यांत फट असली, तर संशय घ्यावा. परंतु जुळणी नीट आहे एवढ्यावरून ती मूळची ठरत नाहीं. चतुर कारागीर कानसीनें खांदा बसवून देतो.

याहून मोठें नुकसान संग्राहक स्वतःच्या हातानें करतात. घरांतील जुनें हत्यार काळवंडलें म्हणून तें चकचकीत करून आणण्याची हौस पुष्कळांस असते. घांसणाऱ्याच्या चाकाखालीं जौहर जातो, आणि त्याबरोबर सोन्याच्या कोफ्तगरीची अक्षरेंही जातात; कारण तीं पात्याच्या खरवडलेल्या पृष्ठावर ठोकून बसविलेल्या तारेचीं असतात, खोल खणलेलीं नसतात. सन गेला कीं पातें मुकें झालें. जौहर पुन्हां क्षार देऊन काढतां येईल; अक्षरें येणार नाहींत.

म्यानाविषयीं थोडें. लांकडाच्या दोन फाकी, वर मखमल किंवा चामडें, तोंडाशीं मोहनाळ व टोंकाशीं तहनाळ अशी त्याची रचना. मुठीच्याच यशबाची मोहनाळ व तहनाळ करून तिन्हींवर एकच वेल खेळविल्याचीं उदाहरणें आहेत. तेथें मूठ व म्यान समकालीन मानण्यास हरकत नाहीं. पातें मात्र तेथेंही वेगळेंच तपासावें. मखमल तर काळावर बोलतच नाहीं. ती कुजते आणि बदलली जाते, तेव्हां मखमलीच्या रंगावरून काळ ठरविणारांस हात जोडावे. नोंद करतांना पातें, मूठ व म्यान यांचे तीन रकाने पाडावे, आणि जेथें काळ ठरत नाहीं तो रकाना मोकळा ठेवावा. नवें म्यान करविलें तरी आंतील जुन्या फाकी टाकूं नयेत. पात्याच्या मापाचा ठसा त्यांत राहतो, व मूळ पातें पुढेंमागें दुसऱ्याच मुठींत सांपडल्यास तें याच म्यानाचें कीं काय हें त्या लांकडावरूनच ठरवितां येईल.