नदी घरामागं, वाळू मात्र मिळेना: गोदाकाठच्या एका धंद्याचा इतिहास

परवा गोदाकाठच्या एका गावात गेलो होतो. एक घरकुल जोत्यापर्यंत येऊन थांबलेलं. विटा रचून ठेवलेल्या, सिमेंटची पोती पत्र्याखाली झाकलेली. घरची बाई म्हणाली, "दादा, नदी घरामागं हाये अन् वाळू भेटंना."

यावर हसावं की रडावं कळेना. वीसेक वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. वाळूच्या बातम्या किती लिहिल्या त्याची गणती नाही. लिलाव झाला, लिलाव रद्द झाला, ट्रॅक्टर पकडला, ट्रॅक्टर सुटला. पण हे सगळं सलग कधी मांडलं नव्हतं. आज मांडतो. पोस्ट मोठी आहे, पण सवडीनं वाचा. घर बांधायचं असेल तर नक्की वाचा.

आधी नदीचं बघू. गोदावरी आपल्या जिल्ह्यात पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांतून जाते. माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घर बांधलं, तेव्हा वाळू बैलगाडीनं आली होती. गल्लीबोळात गाढवांवरून यायची. नंतर ट्रॅक्टर आले. तहसीलमध्ये रॉयल्टी भरायची, पावती घ्यायची, संपला विषय. वाळू हे कायद्यानं 'गौण खनिज'. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्याच्या कलम १५ नं गौण खनिजाचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला. त्यामुळे वाळू महसूल खात्याकडे राहिली आणि महसूल खात्याच्या लेखी वाळू म्हणजे उत्पन्न. नदीचं काय, हा प्रश्न त्या पावतीवर नव्हता.

पण नदी तोवर बदलली होती. १९७६ मध्ये जायकवाडी झालं. पुढं ढालेगाव, मुदगल, मुळी, डिग्रस असे बंधारे झाले. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर, दुधनेवर निम्न दुधना. पाणी अडलं, शेती भिजली, ते चांगलंच झालं. पण धरण पाण्याबरोबर वाळूही अडवतं. यंदा सप्टेंबरच्या पुरानंतर लोक म्हणाले, आता वाळूच वाळू. पुरानं थोडी येते, नाही असं नाही. पण पूर्वी दरसाल वरून जी भर पडायची ती आता पडत नाही. म्हणजे आपण उपसतोय तो बराचसा जुना साठा आहे. आणि त्याच काळात सिमेंटची घरं, रस्ते, पूल वाढले. मागणी वर गेली, साठा खाली.

वाळू गेली की काय होतं ते काठच्या शेतकऱ्याला विचारा. वाळू पाणी धरून ठेवते. ती काढून खडक उघडा पडला की विहिरीचं पाणी खाली जातं. उपशाच्या खड्ड्यात बुडून गेलेल्या पोरांच्या बातम्या मी याच हातानं लिहिल्यात. तेव्हा नियम नकोतच, असं म्हणणारा मी नाही.

पर्यावरणाचा नियम वाळूपर्यंत आला तो १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं. पाच हेक्टर किंवा त्याहून मोठ्या खाणपट्ट्याला पर्यावरण परवानगी सक्तीची झाली. मग देशभर पळवाट निघाली: पट्टे पाच हेक्टरच्या आतलेच पाडायचे. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात ती पळवाट बंद केली. पट्टा लहान असला तरी परवानगी लागणार. ऑगस्ट २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही परवानगीशिवायच्या उपशाला देशभर बंदी घातली.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. घोळ झाला तो पुढं.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं पाच हेक्टरपर्यंतची परवानगी जिल्हा पातळीवर द्यायची सोय केली. कामं जरा जवळ आली. २०१८ मध्ये हरित लवादानं ती पद्धत नामंजूर केली. फाइल पुन्हा मुंबईला, राज्याच्या समितीकडं. इकडं राज्य सरकारचं वाळू धोरण. १२ मार्च २०१३ ला एक आलं. ३ जानेवारी २०१८ ला दुसरं, ३ सप्टेंबर २०१९ ला तिसरं, २८ जानेवारी २०२२ ला चौथं. एप्रिल २०२३ ला पाचवं, त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सुधारणा. आणि ८ एप्रिल २०२५ ला सहावं. २०१८ पासून बघितलं तर सव्वासात वर्षांत पाच धोरणं. या काळात महसूलमंत्री झाले चंद्रकांत पाटील, बाळासाहेब थोरात, राधाकृष्ण विखे पाटील आणि आता चंद्रशेखर बावनकुळे. म्हणजे हा कुठल्या एका पक्षाचा दोष नाही. आल्यागेल्यानं आपापली पाटी लावली.

आणि बदल किरकोळ नव्हते. आधी लिलाव होता. २०२३ मध्ये लिलावच बंद केला. सरकार वाळू काढणार, डेपोत आणणार आणि ६०० रुपये ब्रासनं विकणार. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ऑनलाइन नोंदणी करा, वाहतुकीचा खर्च तुमचा. मे २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात पहिला डेपो सुरू झाला, तेव्हा आम्ही पत्रकारांनीही स्वस्त वाळूचे मथळे दिले. दोन वर्षांत डेपो गुंडाळले आणि २०२५ मध्ये पुन्हा लिलाव. वाहतुकीचंही तेच. बरीच वर्षं संध्याकाळी ६ नंतर वाळूची गाडी दिसली की गुन्हा. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सांगितलं गेलं की उपसा दिवसाच, पण वाहतूक २४ तास चालेल.

आता हा धंदा करणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद. उरले आठ-साडेआठ महिने. त्यात घाटाची पाहणी, ग्रामसभेची शिफारस, खाणकाम आराखडा, मुंबईची पर्यावरण परवानगी, मग लिलाव. हे सगळं होऊन घाट फेब्रुवारीत ताब्यात आला तर हातात उरतात चार महिने. यंत्रानं उपसायला बंदी, माणसं लावून उपसायचं. गुंतवलेला पैसा तर काढायचाच. मग काय होतं ते गोदाकाठचं शेंबडं पोरगंही सांगेल. रात्री पोकलेन उतरतं. नदी वाचवायला केलेला नियम वेळेवर लागू झाला नाही की नदीच जास्त ओरबाडली जाते.

गंगाखेडकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याशी बोललो. नाव देत नाही. लिलावाच्या काळात त्यानं कर्जावर ट्रॅक्टर घेतला. २०२३ नंतर डेपोची वाहतूक मिळाली. डेपो बंद झाला, काम गेलं, हप्ता राहिला. मधे एकदा बिनापावतीची खेप करताना सापडला. कायद्यात बाजारभावाच्या पाचपट दंड आहे, शिवाय गाडी सोडवायचा दंड वेगळा. म्हणाला, "चुकलं माझं, नाही म्हणत नाही. पण साहेब, नियम किती बी कडक करा, एक ठेवा. बँकेचा हप्ता पाच वर्षं एकच ऱ्हातो. सरकारचा नियम दोन वर्षं बी टिकंना."

मला वाटतं या सगळ्या इतिहासाचं सार त्याच्या बोलण्यात आलं. कडक नियमानं सरळ माणसाचा धंदा बुडत नाही. तो खर्च धरतो, भाव ठरवतो, जमेल तसं करतो. त्याला बुडवतो तो दर दोन वर्षांनी बदलणारा नियम, कारण त्यात हिशेबच मांडता येत नाही. टिकतो कोण? ज्याच्याकडं दहा हायवा आहेत, घाट सहा महिने बंद राहिला तरी ज्याचं अडत नाही आणि नवीन जीआर आला की तो वाचून दाखवायला ज्याच्याकडं माणूस आहे. आणि दुसरा टिकतो तो ज्याला नियमाचं सोयरसुतकच नाही.

इथं आमच्या बिरादरीचीही चूक कबूल करतो. 'वाळूमाफिया' हा शब्द आम्ही सरसकट वापरला. दहा हायवावाला आणि एका खेपेवर रोजी मिळवणारा टोपलीवाला, दोघांना एकाच मथळ्यात कोंबलं. मीही कोंबलं. त्यामुळे मोठ्याला काही फरक पडला नाही, लहान मात्र बदनाम झाला.

आता पुढचं पान कृत्रिम वाळूचं. दगड फोडून केलेली, म्हणजे एम-सँड. २०२५ च्या धोरणात सरकारी बांधकामांत २० टक्के एम-सँड सक्तीची केली, तिची रॉयल्टी ६०० वरून २०० रुपये ब्रास केली. आपल्याकडं काळा दगड आहे, नदीवरचा भार कमी होईल, कल्पना चांगलीच आहे. पण आज कर्ज काढून क्रशर टाकणाऱ्या पोराला कोणी हमी देईल का, की २०२७ मध्ये सातवं धोरण येणार नाही?

माझं मागणं साधं आहे. धोरण ठरवा, हवं तेवढं कडक ठरवा, पण किमान पाच वर्षं हलवू नका. १ ऑक्टोबरला उपसा सुरू व्हायचा असेल तर परवानग्या पावसाळ्यातच पूर्ण करा. कोणत्या घाटात किती वाळू आहे आणि किती काढायची, तो आकडा मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

आणि आपल्या हातातलं. नव्या धोरणात घरकुलवाल्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे आणि प्रत्येक घाटातली १० टक्के घरकुलांसाठी राखीव आहे. घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. त्यात वाळू विकत घ्यायची म्हटलं तर भिंती उभ्या राहतात अन् स्लॅब राहतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या गावाला कोणता घाट लावलाय, यादीत कोणाची नावं आहेत आणि वाळू कधी मिळणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

त्या बाईलाही हेच सांगून आलो. ती म्हणाली, "इचारते दादा. पर तुमी बी या."

जाणार आहे. तुमच्या गावात काय उत्तर मिळालं ते मला कळवा, जसंच्या तसं छापतो.