मेदाम्लांच्या एस्टरीकरणातील घन उत्प्रेरक

मेदाम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने एस्टर व पाणी तयार होण्याच्या अभिक्रियेला वेग देणारे, पण मिश्रणात न विरघळणारे पदार्थ. मिथेनॉल वापरल्यास मिळणारी मिथिल एस्टरे बायोडिझेल म्हणून जाळता येतात. लांब साखळीच्या अल्कोहोलांपासून वंगणे आणि सौंदर्यप्रसाधनांचे घटक मिळतात.

यांची गरज तेलावरून ठरते.  करडईचे चांगले तेल खाण्यासाठीच वापरावे. इंधनासाठी उरते ते करंजाचे, किंवा भजी-वडे तळून काळवंडलेले कढईतले तेल. अशा तेलात मुक्त मेदाम्ले बरीच असतात. उत्प्रेरक म्हणून कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घातले की त्यांचा साबण होतो आणि एस्टर-ग्लिसरीन वेगळे होत नाही. गंधकाम्ल चालते, मात्र ते भांडी खाते आणि शेवटी चुना घालून मारावे लागते. घन उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो, स्तंभात भरून त्यातून तेल सतत सोडताही येते.

अडचण पाण्याची आहे. अभिक्रियेतूनच सुटणारे पाणी उत्प्रेरकाच्या आम्लकेंद्रांना चिकटते आणि काम मंदावते. अँबरलिस्ट-१५ सारखी सल्फोनित रेझिने सुमारे १२० अंश सेल्सिअसपुढे टिकत नाहीत. झिओलाइटची छिद्रे एक नॅनोमीटरहूनही अरुंद, त्यामुळे मेदाम्लाची लांब साखळी आत सहज शिरत नाही. सल्फेटेड झिर्कोनिया उष्णता सोसतो, पण ओलाव्यात त्याचे सल्फेट निसटते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, गणपती यादव आणि सहकाऱ्यांनी याच झिर्कोनियाचे सुधारित प्रकार घडवले. त्यांना ‘यूडीकॅट’ हे नाव मिळाले.

पाण्याच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडले ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले संशोधक. श्रीनिवास, रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोह-जस्त द्विधातू सायनाइडचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि झिंक क्लोराइड यांपासून, टर्शरी ब्युटेनॉलच्या साहाय्याने, हा पदार्थ बनतो. त्यातील जस्ताची केंद्रे लुईस आम्लासारखी वागतात आणि पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो. मुक्त मेदाम्लांचे एस्टरीकरण आणि तेलातील ग्लिसराइडांचे रूपांतर एकाच भांड्यात होते, ही त्याची खरी कमाई. मळक्या तेलासाठी एवढी नेमकी रचना क्वचितच दिसते.

फ्रान्समधील सेत येथे २००६ मध्येच झिंक ॲल्युमिनेटवर चालणारा एस्टरफिप-एच पद्धतीचा बायोडिझेल कारखाना सुरू झाला; त्याला मात्र शुद्ध तेलच लागते.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्याला जवळची वाट जपानी आहे. जपानमधील संशोधकांनी २००५ मध्ये साखर अर्धवट कोळसवून, तिच्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून, घन आम्ल बनवले. बगॅसपासूनही असा कार्बन करता येतो. तो बनवताना मात्र गंधकाम्ल लागतेच, नंतर गरम पाण्याने भरपूर धुवावे लागते आणि वापरागणिक मिथेनॉलमध्ये त्याचे थोडे सल्फोनिक गट झिजून जातात.