कोड, बावची आणि ऊन : इलाज कसा चालतो, कुठे भाजतो

कोड, म्हणजे आपल्या घरांत ज्याला बरस किंवा सफेद दाग म्हणतात, तो त्वचेचा रंग जाण्याचा आजार आहे. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते आणि तिथे पांढरा डाग पडतो. हा कुष्ठरोग नाही. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा निकाहानंतर जोडीदाराला तो लागत नाही.

जुना इलाज, नवी ओळख

बावचीचे (उर्दूत बाबची) बी आयुर्वेद आणि युनानी दोन्हीकडे कोडावर वापरतात. तेराव्या शतकात अंदलुसचे वनस्पतीतज्ज्ञ इब्न अल-बैतार यांनी आत्रिलाल नावाच्या रोपाचे बी देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याचा इलाज नोंदवला. 1947 साली इजिप्तच्या शास्त्रज्ञांनी त्याच बियांतून गुणकारी द्रव्य वेगळे केले आणि कैरोचे डॉ. अल-मोफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांवर वापरले. या गटातल्या द्रव्यांना सोरालेन म्हणतात. बावचीतही तेच आहे. पुढे 1974 पासून सोरालेन आणि 'यूव्हीए' किरण मिळून होणाऱ्या इलाजाला 'पुवा' हे नाव पडले.

काम कसे होते

सोरालेन नुसते लावून रंग येत नाही. ते त्वचेला प्रकाशाबाबत हळवे करते. मग यूव्हीए किरण पडले की केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशी जाग्या होतात आणि डागात आधी तपकिरी ठिपके दिसतात. म्हणून चेहरा, मान इथे गुण चांगला येतो. बोटांची टोके, ओठ किंवा केसच पांढरे झालेला डाग इथे फार कमी. फरक दिसायला महिने लागतात.

भाजते कुठे

खरा धोका इथेच आहे. साधे ऊन लागले तर त्वचा त्याच दिवशी लाल होते. सोरालेनची लाली उशिरा येते आणि दोन-तीन दिवसांनी सर्वात जास्त होते. पहिल्या दिवशी काहीच झाले नाही, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल लावून उन्हात बसतो. तिसऱ्या दिवशी फोड! भाजलेल्या जागी कधीकधी डाग आणखी पसरतो. अंजिराचा चीक किंवा लिंबाचा रस हाताला लागून उन्हात गेल्यावर काळे चट्टे येतात, तेही याच द्रव्यामुळे.

त्यामुळे आम्ही पालकांना एवढेच सांगतो :

- कुणाच्या सांगण्यावरून बावचीचे तेल घरी लावू नका. त्यात सोरालेन किती, हे बाटलीवरून कळत नाही.
- डॉक्टर औषध पातळ करून देतात. लावल्यावर साधारण अर्धा तास थांबून अगदी थोडा वेळ प्रकाश, तोही एक दिवस सोडून. वेळ डॉक्टरच वाढवतील.
- नंतर जागा धुवा आणि दिवसभर झाका. यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही येतो, बसमध्येही सांभाळा.
- बावची पोटातून घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गोळ्या मनाने घेऊ नका. गरोदर बाई आणि लहान मुले यांना तर नकोच.

आता बरेच डॉक्टर 'नॅरोबँड यूव्हीबी' वापरतात. त्यात सोरालेन लागत नाही आणि लहान मुलांनाही तो देता येतो. मोजक्या छोट्या डागांसाठी लावायचे सोरालेन अजून कामाला येते.

पुण्यात

तपासणीसाठी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाचा त्वचाविभाग गाठावा. युनानीवर भरवसा असेल तर शिकलेल्या, नोंदणीकृत हकिमांकडेच जावे. डॉ. माया तुळपुळे यांनी पुण्यात सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांना एकत्र आणते. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (2006) हा चित्रपट कोड असलेल्या तरुण डॉक्टरच्या लग्नाचीच गोष्ट सांगतो. घरात सगळ्यांनी बसून पाहावा.

वर्गात उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालून, शेवटच्या बाकावर बसणारी मुले आम्ही पाहतो. रिश्ता यायच्या आत डाग जावा, या घाईत घरचे लोक तेल आणि दुपारचे ऊन दोन्ही वाढवतात. इलाज जरूर करा, पण सबुरीने. आणि डाग गेला नाही तरी त्या मुलीत काही कमी नाही, हे तिला आधी घरातून ऐकू येऊ द्या.