सुलेमानच्या खाणी

पडक्या वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा आहे, गडाच्या पोटात सात रांजण पुरले आहेत आणि त्यांवर नाग बसला आहे, अशी गोष्ट आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळते. मुसलमान घरांत अफाट संपत्तीला ‘कारूनचा खजिना’ म्हणतात. तो तर जमिनीने मालकासकट गिळला! डोंगर जितका उजाड, तितकी त्याच्या पोटातल्या धनाची गोष्ट मोठी. अशा गोष्टींमधली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे सॉलोमन राजाच्या, म्हणजेच हजरत सुलेमानच्या, सोन्याच्या खाणींची.

गंमत अशी, की जुन्या धर्मग्रंथांत या राजाच्या सोन्याच्या खाणी नाहीतच. बायबल सांगतं, की त्याचं सोनं ओफीर नावाच्या दूरच्या देशातून जहाजांनी येई. कुराणात त्याच्यासाठी वितळलेल्या तांब्याचा झरा वाहता केल्याचा उल्लेख आहे. सोनं नव्हे, तांबं. ‘सॉलोमनच्या खाणी’ हे शब्द जगाच्या तोंडी बसले ते १८८५ साली, रायडर हॅगार्ड या इंग्रज लेखकाच्या कादंबरीमुळे. ती घडते आफ्रिकेत!

पण खजिन्याचा नाद कादंबरीच्या आधीपासूनचा आहे. रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी आपल्याला अगदी परका नाही. तरुणपणी तो कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेत अधिकारी होता आणि गोव्यावर त्याने १८५१ साली पुस्तकही लिहिलं. कैरोत भेटलेल्या हाजी वली नावाच्या गृहस्थाने त्याला अरबस्तानातल्या मिद्यानच्या डोंगरांतल्या सोन्याविषयी सांगितलं होतं. पाव शतकानंतर बर्टनने ती गोष्ट इजिप्तचा खेदिव इस्माईल याच्या कानावर घातली. खेदिव कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्याला या सोन्याचा. १८७७ आणि ७८ साली दोन मोहिमा निघाल्या. जुन्या खाणकामाच्या खुणा दिसल्या, टनावारी दगड तपासायला आणले, पण कर्ज फिटेल असं सोनं काही निघालं नाही. १८७९ साली खेदिवला गादी सोडावी लागली.

मिद्यानच्या उत्तरेला, अकाबाच्या आखाताच्या टोकापलीकडे, आजच्या इस्रायलमध्ये तिम्ना नावाचं खोरं आहे. तांबूस कडे, पायाखाली रेती आणि पावसाचं नाव नाही. इथं जमिनीत तांब्याच्या जुन्या खाणींची हजारो तोंडं आहेत. १९३०च्या दशकात नेल्सन ग्लूक या अमेरिकन संशोधकाने इथल्या भट्ट्यांचं नातं सॉलोमनशी जोडलं. पुढे १९६९ साली बेनो रोथेनबर्ग यांना तिथं हाथोर या इजिप्शियन देवीचं देऊळ सापडलं. त्यातल्या वस्तूंवर सॉलोमनच्या कितीतरी आधीच्या फेरोंची नावं होती. खाणी इजिप्तच्या, असं मग सगळे म्हणू लागले.

गेल्या काही वर्षांत तेल अवीव विद्यापीठाच्या एरेझ बेन-योसेफ यांच्या गटाने तिथं पुन्हा खोदकाम केलं. एका टेकडीला ‘गुलामांची टेकडी’ असंच नाव पडलं होतं. तिच्याभोवती तटाची भिंत आहे. अशा भयाण जागी गुलामच राबत असणार आणि ते पळू नयेत म्हणूनच ही भिंत, असा जुना तर्क. या टेकडीवरच्या खजुराच्या बिया आणि इतर अवशेषांचं वय काढलं, तेव्हा ते इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकाच्या आसपासचं निघालं. म्हणजे काळ सॉलोमनचाच. पण त्याचं नाव कोरलेला एकही दगड तिथं मिळालेला नाही. हे काम तंबूत राहणाऱ्या अदोमी टोळ्यांचं होतं, असं या संशोधकांचं मत आहे.

खरा खजिना निघाला तो उकिरड्यातून. कोरड्या हवेमुळे तीन हजार वर्षांचा कचरा तसाच टिकला होता. हाडांवरून कळलं, की भट्टीवरच्या कारागिरांना शेळ्यामेंढ्यांचं चांगल्यापैकी मांस मिळे. भूमध्य समुद्रातले मासेही शेकडो किलोमीटरवरून येत. लाल-निळ्या रंगाच्या लोकरी कापडाचे तुकडे मिळाले. २०२१ साली समुद्री शिंपल्यांपासून काढलेल्या जांभळ्या रंगात रंगवलेले धागे ओळखले गेले. हा रंग राजेरजवाड्यांचा! दगडातून तांबं काढायला सुमारे १२०० अंशांची धग लागते. भाता किती मारायचा, कोळसा केव्हा टाकायचा, हे जाणणारा माणूस गुलामासारखा वागवून चालणार कसा? मात्र भुयारात उतरून दगड फोडणारे कैदी किंवा गुलाम असू शकतील, असं हेच संशोधक म्हणतात. त्यांच्या जेवणाची हाडं या टेकडीवर नाहीत.

आणि एक हिशेब राहिला, झाडांचा. २०२२ साली तिथल्या भट्ट्यांमधल्या कोळशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आरंभीचा कोळसा बाभळीच्या जातीच्या झाडांचा आणि रोतेम नावाच्या झुडपाचा होता. दोन्हींचं लाकूड जळायला उत्तम. वर्षं सरत गेली तसं सरपण हलकं होत गेलं. शेवटी खजुराचं लाकूड जाळायची पाळी आली, लांबूनही लाकूड आणावं लागलं. इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकात भट्ट्या विझल्या. तांबं जमिनीत शिल्लक होतं. सरपण संपलं होतं.

तिम्नाच्या कड्यांना आजही ‘सॉलोमनचे खांब’ म्हणतात आणि प्रवासी त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रं काढतात. राजाचं नाव डोंगराला चिकटलं ते चिकटलंच. भाता मारणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण तो काय जेवत होता, काय पांघरत होता आणि कोणतं झाड तोडून त्याने भट्टी पेटवली, हे आता आपल्याला माहीत आहे.