धूळ, ढग आणि गणित

‘मेघदूता’त मेघाचे घटक सांगताना कालिदासाने धुराचीही गणना केली आहे. यक्षाच्या विरहापुढे हा तपशील सहसा ध्यानात राहत नाही; परंतु ढगाच्या जन्माला धूळ वा धूर यांचा कण लागतो, हे प्रयोगाने सिद्ध व्हावयास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या कणाचा आजच्या प्रचंड गणकयंत्रांपर्यंत झालेला प्रवास श्रोत्यांपुढे मांडावा, असा माझा विचार आहे.

१८७५ साली कुलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि १८८० साली स्कॉटलंडच्या जॉन एट्किनने या प्रश्नाचा छडा लावला. एट्किनने दोन काचपात्रे घेतली. एकात नेहमीची हवा होती, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोहोंत वाफ सोडताच पहिल्या पात्रात धुके दाटले. दुसरे मात्र निर्मळ राहिले. वाफेचा थेंब व्हायचा तर तिला टेकावयास जागा हवी, आणि ती जागा हवेत तरंगणारा सूक्ष्म कण पुरवितो, असा याचा अर्थ.

या कणांचा थंडीवाऱ्याशी संबंध असावा, हा तर्क त्याहूनही जुना. १७८३ साली आइसलंडमधील लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर युरोपवर कोरडे धुके पसरले. पुढचा हिवाळा कडक गेला. त्या वेळी पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने या दोहोंची सांगड घालून पाहिली होती.

पुढचे पाऊल पडले ते १९७४ साली. शॉन टूमी या शास्त्रज्ञाने असे दाखविले की, कण वाढले म्हणजे ढगातले तेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते. थेंब बारीक होतात आणि ढग अधिक शुभ्र दिसतो. खडीसाखरेचा पारदर्शक खडा कुटला की त्याची पांढरीशुभ्र पूड होते, तसेच हे. शुभ्र ढग अधिक ऊन परत फेकतो. १९८९ साली ब्रूस अल्ब्रेक्ट याने त्यास पुस्ती जोडली. पावसाचा एक थेंब बनावयास ढगातले सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात. ते फारच बारीक असले तर एकमेकांत सहजी मिसळत नाहीत. ढग बरसत नाही, नुसता रेंगाळतो.

आता गणिताकडे वळू. १९६७ साली मानाबे आणि वेदरल्ड यांनी हवेतील कार्बन डायॉक्साइड दुप्पट झाल्यास तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल, असे गणकयंत्राच्या साहाय्याने काढले. पण वायू सर्वत्र सारखा मिसळतो. कणांचे तसे नाही. ते कोठे दाट तर कोठे विरळ असतात आणि पावसाबरोबर खाली येतात. शिवाय अशा प्रतिमानांत पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात. एकेक चौकोन सहसा शंभर किलोमीटरांच्या घरातला, आणि ढग त्याहून कितीतरी लहान! तेव्हा ढगाचे वर्तन प्रत्यक्ष न मोजता ठोकताळ्याने मांडावे लागते.

अशा गणिताची एक परीक्षा निसर्गानेच घेतली. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला. जेम्स हॅन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या आरंभीच सांगितले की, पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने निवेल. जवळजवळ तसेच घडले. मात्र ते कण ढगांच्याही वर, स्थितांबरात होते. खालच्या ढगांचे कोडे तसेच उरले.

१९९९ साली रामनाथन आणि क्रुट्झेन यांच्या नेतृत्वाखाली अनेक राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावरील हवा तपासली. हिवाळ्यात आपल्या उपखंडावरून धुरकट थर समुद्रावर दूरवर जातो आणि त्यातील काजळी ऊन शोषून घेते, असे आढळले. पुढे २००९ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विमाने पाठवून ढगांतील कण व थेंब मोजले. २०२० च्या भारत सरकारच्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. गंगेचे मैदान आणि सह्याद्री येथे ही घट विशेष जाणवली. उष्ण झालेल्या हवेने जो पाऊस वाढावयाचा, तो कणांच्या आवरणाने बराचसा रोखला, असे प्रतिमाने सांगतात.

माझ्यासारख्या सरकारी माणसाला यात जमाखर्चाची वही दिसते. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात वायूंमुळे झालेली तापमानवाढ एक ते दोन अंश, आणि कणांमुळे आलेला थंडावा शून्य ते ०.८ अंश, असा अंदाज आहे. म्हणजे वजाबाकीची रक्कमच निश्चित नाही. हवा स्वच्छ केली तर हे छत्र विरेल आणि झाकलेली उष्णता उघडी पडेल. पण म्हणून धूर राखावा काय? मुळीच नाही; तो धूर माणसांच्या फुप्फुसांतही जातो. शिवाय कण काही दिवसांत पावसाने धुऊन जातात. कार्बन डायॉक्साइड मात्र शतकानुशतके राहतो. तेव्हा धूर आणि वायू हे दोन्ही एकाच वेळी कमी करणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. वहीतला आकडा पक्का होईपर्यंत थांबण्याची सवड आपल्याला नाही; परंतु तो पक्का करण्याचे काम पुण्यातही चालू आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.