सल्लागार अभियंते : सन्मान व पारितोषिके

पूल, धरण, बोगदा, इमारत किंवा पाणीपुरवठा योजना यांची संकल्पना, गणिते, ड्रॉइंग व देखरेख ही कामे फी घेऊन करणाऱ्या, मात्र बांधकामाचा ठेका स्वतः न घेणाऱ्या अभियंत्यांना आणि त्यांच्या फर्मांना दिले जाणारे सन्मान. बोलीभाषेत अशा व्यावसायिकाला ‘कन्सल्टंट’ आणि इमारतींच्या क्षेत्रात ‘आरसीसी कन्सल्टंट’ म्हणतात. इमारत वास्तुशिल्पज्ञाच्या नावाने ओळखली जाते, ठेकेदाराचा फलक बांधकाम संपेपर्यंत रस्त्यावर झळकतो आणि उद्‌घाटकाचे नाव कोनशिलेवर कायमचे राहते. सळ्या कोणत्या व्यासाच्या आणि किती अंतरावर बांधायच्या हे ठरवणाऱ्याचे काम मात्र काँक्रीट ओतले की दिसेनासे होते. हे सन्मान मुख्यतः व्यवसायातल्यांनीच व्यवसायातल्यांना देण्यासाठी सुरू केले. प्रस्तुत नोंदीत भर संरचना अभियांत्रिकीवर आहे.

संस्था व पूर्वेतिहास : स्वतंत्र फी घेऊन सल्ला देणाऱ्या अभियंत्यांची पहिली ठळक संघटना इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनच्या पुढाकाराने १७७१ मध्ये उभी राहिली. १८१८ मध्ये लंडनला इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष टॉमस टेलफर्ड याने मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून १८३५ मध्ये टेलफर्ड पदक सुरू झाले. ते संस्थेपुढे सादर केलेल्या निबंधांसाठी होते. बांधलेल्या वास्तूपेक्षा त्या वास्तूविषयी लिहिलेल्या निबंधाला पदक देण्याची ही प्रथा दीर्घकाळ टिकली आणि तिचा एक फायदा झाला : काय चुकले, पाया कुठे खचला, हेही अभियंते लिहू लागले. आजच्या प्रवेशिकांत तशी कबुली शोधूनही सापडत नाही.

१९०८ मध्ये स्थापन झालेल्या काँक्रीट इन्स्टिट्यूटचे १९२२ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स असे नामांतर झाले. तिचे सुवर्णपदक या क्षेत्रातील व्यक्तिगत सन्मानांत अग्रगण्य मानले जाते. सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनांचा महासंघ ‘फिडिक’ १९१३ मध्ये बेल्जियम, फ्रान्स व स्वित्झर्लंड या तीन देशांच्या पुढाकाराने गेंट येथे स्थापन झाला. बार्सिलोना येथे २०१३ मध्ये भरलेल्या शताब्दी समारंभात त्याने गेल्या शंभर वर्षांतील कामांचा गौरव केला. त्यात इंग्लिश खाडीखालच्या रेल्वे बोगद्याचा समावेश होता. फिडिकचा खरा प्रभाव मात्र पारितोषिकांतून नव्हे, तर १९५७ च्या ‘रेड बुक’पासून सुरू झालेल्या करारनाम्यांच्या नमुन्यांतून पसरला.

फर्मांच्या कामांसाठी दरवर्षीची स्पर्धा ही त्या मानाने अलीकडची गोष्ट आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या तिन्ही देशांत ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजली.

प्रवेशिका व परीक्षण : प्रवेशिका बहुधा फर्मच पाठवते. शुल्क भरावे लागते, मालकाची संमती जोडावी लागते आणि मर्यादित शब्दांत वर्णन व छायाचित्रे द्यावी लागतात. अमेरिकन कौन्सिल ऑफ इंजिनिअरिंग कंपनीज या संघटनेच्या स्पर्धेत आधी राज्यपातळीवर व मग राष्ट्रीय पातळीवर परीक्षण होते. सर्वोच्च कामाला ‘ग्रँड कन्सेप्टर’ पारितोषिक देतात. कॅनडातील सर्वोच्च पारितोषिक माजी गव्हर्नर जनरल एडवर्ड श्रायर यांच्या नावाचे आहे. निकष सगळीकडे साधारण सारखे असतात : नावीन्य, कामाची क्लिष्टता, व्यवसायाला पुढे होणारा उपयोग, सामाजिक-आर्थिक व पर्यावरणीय परिणाम आणि मालकाच्या गरजेची पूर्ती.

या पद्धतीत छायाचित्रात न येणारी कामे मागे पडतात. गाळाच्या जमिनीत नीट बसवलेले पाइल, जुन्या पुलाच्या बेअरिंगची चालू वाहतुकीत केलेली अदलाबदल किंवा दुसऱ्या फर्मच्या गणितांचे कसून केलेले प्रूफ-चेकिंग यांचे देखणे छायाचित्र निघत नाही. कन्सल्टंटचा सर्वांत मोलाचा सल्ला कधीकधी ‘हा पूल बांधायची गरजच नाही’ असा असतो. त्याची प्रवेशिका कोणत्या विभागात भरायची, याची सोय कोणत्याही अर्जात नाही.

पारितोषिक व काळाची कसोटी : बहुतेक पारितोषिके काम पुरे झाल्यावर एक-दोन वर्षांत दिली जातात. मोठ्या वास्तूने तोवर फार पावसाळे पाहिलेले नसतात.

या संदर्भात कॅन्सस सिटी येथील केम्पर अरीना या क्रीडागृहाचे उदाहरण नेहमी दिले जाते. सी. एफ. मर्फी असोसिएट्स या फर्मसाठी हेल्मुट यान यांनी त्याची वास्तुरचना केली होती. आत एकही खांब येऊ नये म्हणून छत वरून टांगले होते. त्याचा भार बाहेरच्या बाजूने उभारलेल्या पोलादी नळ्यांच्या अजस्र कैच्यांवर होता. या अनावृत सांगाड्याचे कौतुक होऊन १९७६ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने त्याला सन्मान दिला. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन तिथे भरले. ४ जून १९७९ च्या संध्याकाळी वादळी पावसात छताचा मोठा भाग खाली आला. आत कार्यक्रम नव्हता म्हणून जीवितहानी टळली. छतावरचे पाणी वाहून नेण्याची व्यवस्था अपुरी होती. साचलेल्या पाण्याने छत वाकले, वाकलेल्या जागी आणखी पाणी साचले. टांगणीच्या सांध्यांतले उच्चशक्ती बोल्ट वाऱ्याने होणाऱ्या सततच्या हालचालींमुळे आधीच कमजोर झाले होते, असे तपासात पुढे आले. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. छत दुरुस्त करून क्रीडागृह पुन्हा वापरात आले. १९७६ च्या परीक्षकांना बोल्टचा थकवा दिसणे शक्यच नव्हते. मात्र सपाट छतावरचे पाणी कुठून जाते, हा प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरे उदाहरण लिऑन मॉइसेफ यांचे. झुलत्या पुलांच्या गणितातील कामासाठी त्यांना १९३३ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे लुई लेव्ही पदक मिळाले होते. गोल्डन गेट पुलाच्या सल्लागारांत ते होते. त्यांच्याच संकल्पनेचा टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून कोसळला. १९४३ मध्ये मॉइसेफ वारले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने त्यांच्या नावे पारितोषिक सुरू केले. ते आजही दिले जाते. एका पुलाच्या अपयशाने आयुष्यभराचे काम पुसले जात नाही, असा व्यवसायाचा हा निवाडा आहे आणि तो योग्यच आहे.

उलट टोकाला आहे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे ‘पंचविशी’ पारितोषिक. वास्तू निदान पंचवीस वर्षे जुनी असल्याखेरीज ते मिळत नाही. १९६९ मध्ये ते प्रथम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरला मिळाले. १९९९ मध्ये शिकागोच्या जॉन हॅनकॉक सेंटरचा क्रमांक लागला. बाह्यांगावर तिरक्या पट्ट्यांची नक्षी मिरवणाऱ्या या इमारतीचे वास्तुशिल्पज्ञ ब्रूस ग्रॅहम आणि संरचना अभियंता फझलुर रहमान खान. संरचनेचा विचार एवढा उघड दाखवणारी इमारत एका वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने गौरवावी, ही अभियंत्यांच्या संस्थांनी दखल घेण्याजोगी बाब आहे. त्यांच्याकडे इतक्या वजनाचे कालसापेक्ष पारितोषिक नाही. आगाखान वास्तुकला पुरस्कारही वास्तू वापरात आल्याखेरीज तिचा विचार करत नाही आणि प्रत्यक्ष जागेवर तज्ज्ञ पाठवून पाहणी करवतो.

श्रेय : ढाक्यात जन्मलेल्या खान (१९२९–८२) यांनी शिकागोत स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या फर्ममध्ये नळीसारख्या संरचनेची कल्पना विकसित केली. तीवर सिअर्स टॉवरचे (४४२ मी.) ११० मजले उभे राहिले. जेद्दाच्या विमानतळावरील हज टर्मिनलच्या तंबूसदृश छतासाठी १९८३ मध्ये आगाखान पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा ते हयात नव्हते. उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पुढे त्यांच्या नावे जीवनगौरव पदक सुरू केले.

वास्तुशिल्पज्ञांचे समजले जाणारे ‘रिबा’ (रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स) सुवर्णपदक काही अभियंत्यांना मिळाले आहे : पिएर लुइजी नेर्व्ही (१९६०), ओव्ह अरुप (१९६६) व पीटर राइस (१९९२). अरुप आणि राइस दोघेही सिडनी ऑपेरा हाउसच्या कामात होते. त्या शिंपल्यांसारख्या छतांना एकाच गोलाचे तुकडे मानून बांधण्याचा तोडगा मूळ कोणाचा, वास्तुशिल्पज्ञ यॉर्न उत्झोन यांचा की अरुपच्या कचेरीचा, याबाबत दोन्ही बाजूंचे लेखन उपलब्ध आहे. उत्झोन १९६६ मध्ये कामातून बाहेर पडले, १९७३ मध्ये वास्तू खुली झाली आणि २००३ मध्ये उत्झोन यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले.

भारत : सल्लागार अभियंता म्हणून राष्ट्रीय कीर्ती मिळवणाऱ्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१८६१–१९६२) यांचे नाव पहिले घ्यावे लागते, जरी त्यांची सुरुवात सरकारी नोकरीत झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचे सीओईपी) शिकून ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले. नाशिक, खानदेश व पुणे येथे त्यांनी काम केले. १९०३ मध्ये त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे खडकवासल्याला बसले. नोकरी सोडल्यावर मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर हैदराबाद संस्थानाने त्यांना विशेष सल्लागार अभियंता म्हणून बोलावले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. हारतुरे आणि सत्कार यांची त्या दिवशी रेलचेल असते.

स्वातंत्र्योत्तर काळातील दोन नावे येथे पुरेशी आहेत. शिरीष पटेल यांच्या मुंबईतील फर्मने केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल (१९६५) आखला. तो देशातला पहिला उड्डाणपूल मानतात. चार्ल्स कोरिया यांच्या ‘कांचनजंगा’ इमारतीची संरचनाही पटेलांची. कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांनी नव्या मुंबईची कल्पना मांडली आणि सिडकोच्या आरंभकाळात तिथे नियोजनाची धुराही वाहिली. महेंद्र राज (१९२४–२०२२) यांनी न्यूयॉर्कमधील उमेदवारीनंतर आपली फर्म मुंबईतच सुरू केली व नंतर ती दिल्लीला नेली. वास्तुशिल्पज्ञ राज रेवाल यांच्याबरोबर त्यांनी उभारलेला दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ (१९७२) पोलादाऐवजी जागेवर ओतलेल्या काँक्रीटच्या दांड्यांचा त्रिमितीय सांगाडा होता. पोलाद महाग आणि मजूर स्वस्त, या तत्कालीन परिस्थितीतून ती निवड झाली. एप्रिल २०१७ मध्ये तो पाडण्यात आला. वारसा-वास्तू म्हणून विचार व्हायला तेव्हाच्या निकषानुसार साठ वर्षे पुरी लागत, आणि त्याला पंचेचाळीसच झाली होती. पाडल्यानंतर पाच वर्षांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने दक्षिण आशियाई वास्तुकलेच्या प्रदर्शनात त्याला मानाचे स्थान दिले.

स्थावर संपदा कायद्याने (२०१६) प्रकल्प-नोंदणीच्या अर्जात ठेकेदार व वास्तुशिल्पज्ञ यांच्याबरोबर संरचना अभियंत्याचे नाव देणे बंधनकारक केले. सन्मान म्हणून ही तरतूद झालेली नाही. तरी सामान्य घरखरेदीदाराला आरसीसी कन्सल्टंटचे नाव कळण्याचा तो बहुधा एकमेव मार्ग आहे.

निवड व फी : गुणवत्तेची खरी कदर काम देताना होते की नाही, हा व्यवसायातला जुना प्रश्न आहे. अमेरिकेत १९७२ च्या ब्रूक्स कायद्याने संघ-सरकारच्या कामांसाठी अभियंता व वास्तुशिल्पज्ञ यांची निवड आधी पात्रतेवर करायची आणि फीची बोलणी नंतर, असा दंडक घातला. भारतात ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराचे टेंडर, हा दीर्घकाळ सुरक्षित मार्ग मानला गेला. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) गुणवत्ता व दर यांची एकत्र सांगड घालणारी पद्धत सल्लासेवांसाठी आहे. तीत तांत्रिक गुणांना जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येते.

वजनाने काय फरक पडतो हे हिशेबाने दिसते. समजा, एका फर्मला तांत्रिक गुण ९० व तिची फी १ कोटी, तर दुसरीला ८० व तिची फी ७० लाख. सर्वांत कमी फीला १०० गुण धरले, तर पहिलीला फीचे ७० गुण मिळतात. ८०:२० वजनाने पहिलीची बेरीज ८६ व दुसरीची ८४ होते, म्हणजे काम पहिलीला. तेच वजन ७०:३० केले की बेरीज ८४ व ८६ होते आणि काम दुसरीकडे जाते. दोन्ही लिफाफे तेच राहतात. बदललेली असते फक्त टेंडरमधली एक ओळ, आणि ती लिहिणारा अधिकारी कोणत्याही परीक्षक मंडळावर नसतो. कमी फी घेतलेली फर्म पुढे साइटवर माणूस कमी पाठवते, ड्रॉइंगची रिव्हिजन टाळते आणि जास्तीची सळई घालून गणिताचा वेळ वाचवते. फीत वाचलेले पैसे पोलादाच्या बिलात जातात.

इतर शाखा : यांत्रिकी, विद्युत्, पर्यावरण व भूतंत्र सल्लागारांसाठी वरील स्पर्धांतच स्वतंत्र विभाग असतात.