शिकारी धनुष्य किती शांत हवे?

बाण सुटताना धनुष्यातून निघणारा आवाज अनेक आवाजांचा मिळून बनलेला असतो. बोटांतून निसटलेली दोरी पुढे झेपावते, बाण तिच्यापासून अलग होतो आणि ती ताठ होऊन थरथरू लागते, हा टणत्कार. त्याच वेळी धनुष्याची दोन्ही पाती एकदम थांबून हादरतात आणि मुठीपर्यंत धक्का पोचवतात. हा खालच्या पट्टीतला ठोका. टोके पुढे वळलेल्या धनुष्यात दोरी पात्यांवर येऊन आपटते, तो फटका निराळा. त्याआधी बाण ओढताना मुठीशी घासतो, त्याची खरखर वेगळी. आणि बाण सुटल्यावर पिसांचा सूंकार असतोच. सावजाच्या दृष्टीने या सगळ्यांचा अर्थ एकच होतो: धोका आहे. म्हणून धनुष्य किती शांत असावे, हा प्रश्न शिकाऱ्याला कायम पडत आला. त्याचे उत्तर काळानुसार आणि प्रदेशानुसार बदलत गेले, कारण ते धनुष्यापेक्षा शिकारी आणि सावज यांच्यातल्या अंतरावर अधिक अवलंबून आहे.

युद्धात आणि विधीत हा आवाज गुण मानला गेला. महाभारताच्या विराटपर्वात गांडीवाच्या टणत्काराने सारथ्य करणारा राजपुत्र उत्तर भेदरून जातो. रामायणाच्या किष्किंधाकांडात संतापलेला लक्ष्मण सुग्रीवाच्या महालात दोरी ओढून सोडतो आणि त्या नादानेच आपल्या येण्याची जाणीव करून देतो. होमरच्या ‘ओडिसी’त ओडिसियस स्वतःच्या धनुष्याला दोरी चढवून ती छेडतो, तेव्हा तिच्यातून पाकोळीसारखा स्वर निघतो आणि समोरच्या प्रतिस्पर्ध्यांचे चेहरे उतरतात. जपानमध्ये हेइआन काळापासून राजघराण्यात अपत्यजन्माच्या वेळी अशुभ दूर ठेवण्यासाठी बाण न लावता दोरी वाजवण्याचा ‘मेइगेन’ हा विधी होत असे. या सर्व ठिकाणी आवाज दूरवर पोचावा, ऐकणाऱ्याला दरारा वाटावा, अशीच अपेक्षा आहे.

शिकारीची गरज नेमकी उलटी. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेकडील फ्वा परगण्याचा सरदार गास्तों फेबुस याने १३८७ मध्ये शिकारीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहायला घेतला. लढाईत जड धनुष्यांचा बोलबाला असण्याचा तो काळ. तरीही शिकारीसाठी रेशमी दोरीचे आणि ओढायला नरम असे धनुष्य घ्यावे, असे तो सुचवतो. हरीण टप्प्यात येईपर्यंत धनुष्य ताणून स्तब्ध उभे राहता यावे, ऐन वेळी हालचाल करावी लागू नये, हा त्यामागचा विचार. नरम धनुष्यात साठणारी ऊर्जा कमी, त्यामुळे बाण सुटताना होणारा हादराही कमी. बाणाच्या ताकदीतली तूट सावजाच्या जवळ जाऊन भरून काढायची, हे शिकारी धनुर्विद्येचे जुने सूत्र त्याच्या सल्ल्यात स्पष्ट दिसते.

जगातल्या अनेक शिकारी जमाती याच सूत्रावर जगल्या. कलाहारीतील सान लोकांचे धनुष्य लहान आणि हलके. त्यांच्या बाणाला बहुधा पिसेही नसतात. बाणाच्या टोकामागे एका भुंग्याच्या अळीपासून काढलेले विष लावलेले असते, त्यामुळे बाण खोल रुतण्याची गरज उरत नाही. रांगत, दबकत जवळ पोचणे मात्र अटळ ठरते. सातपुड्यातील भिल्लांचा तिरकमठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूच्या सालीच्या पट्टीची केलेली असते. दाट झाडोऱ्यात बाण लांबून मारण्याला जागाच नसते. तिथे लपण्याचे आणि वाट पाहण्याचे कसब धनुष्याच्या जोराइतकेच मोलाचे असे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि या कसबाचा तो उपयोग कायद्याने संपला.

अमेरिकेत या विषयाची नोंद अधिक सलग सापडते. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा शेवटचा ज्ञात माणूस इशी १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ प्रकट झाला आणि १९१६ मध्ये मृत्यू होईपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप याने त्याच्याकडून धनुष्य घडवणे आणि शिकार करणे शिकून घेतले. इशीचे धनुष्य आखूड, पाठीवर कंडरांचे तंतू चिकटवलेले होते. शिकारीला निघण्यापूर्वी तो मासे आणि तंबाखू वर्ज्य करी, ओढ्यात अंघोळ करी आणि सुवासिक पाने अंगाला चोळी. झुडपाआड बसून, ओठांना बोटे लावून तो सशाच्या आर्त हाकेची हुबेहूब नक्कल करी आणि प्राण्यांना जवळ बोलावून घेई. याच धनुष्याचे एक टोक तोंडाच्या कोपऱ्याशी धरून, दोरीवर बाणाने हलके ठोके देत तो सूरही काढत असे. धनुष्याच्या नादाची त्याला उत्तम जाण होती. पण शिकारीत त्याची भिस्त वास, आडोसा आणि अंतर यांवर होती.

पोपचे शिकारी धनुर्विद्येवरचे पुस्तक १९२३ मध्ये आले आणि या छंदाला नवे अनुयायी मिळाले. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये धनुष्याने हरणांच्या शिकारीसाठी स्वतंत्र हंगाम जाहीर केला. पुढच्या काही दशकांत साधने झपाट्याने बदलली. फ्रेड बेअरसारख्या कारागिरांनी लाकडाच्या थरांवर काचतंतू चढवून वळलेल्या टोकांची धनुष्ये कारखान्यात बनवायला सुरुवात केली. तागाच्या दोरीची जागा डेक्रॉनने घेतली आणि १९८० च्या दशकात जवळजवळ न ताणणारे कृत्रिम धागे आले. बाणाचा वेग वाढला, शिकारी अधिक लांबून बाण सोडू लागले आणि धनुष्ये अधिक आवाज करू लागली. दोरी ऐकून हरीण बाणाखालून निसटल्याच्या कथा शिकाऱ्यांत याच काळात सर्रास ऐकू येऊ लागल्या.

आवाज कुठून येतो, याचा खुलासा भौतिकशास्त्राने केला. क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकापासून धनुष्याची मोजमापे घेतली. क्लॉपस्टेगने ‘आभासी वस्तुमान’ ही कल्पना मांडली: धनुष्य बाणाबरोबर आपली पाती आणि दोरीही हलवत असते, म्हणजे बाणाखेरीज आणखी काही वजन फेकल्यासारखाच हिशेब होतो. हे वजन एका धनुष्यापुरते जवळपास स्थिर असते. समजा, ते १२ ग्रॅम आहे आणि ताणलेल्या धनुष्यात ६० जूल ऊर्जा साठली आहे. ३२ ग्रॅमचा बाण लावला, तर सुमारे ४४ जूल बाणाला मिळतात, वेग सेकंदाला ५२ मीटर होतो आणि १६ जूल धनुष्यातच उरतात. २० ग्रॅमचा हलका बाण लावला, तर वेग ६१ मीटरवर जातो, पण धनुष्यात २२.५ जूल मागे राहतात. ही उरलेली ऊर्जा हादरा, कंप आणि आवाज होऊनच बाहेर पडते. वेगात एक षष्ठांश वाढ मिळवताना मागे उरणारी ऊर्जा चाळीस टक्क्यांनी वाढली. जड बाण लावला की धनुष्य शांत होते, या जुन्या अनुभवाचे कारण हेच.

आता सावजाची बाजू. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पारंपरिक धनुष्याचा बाण सहसा त्याच्या एक पंचमांश वेगानेही जात नाही, म्हणून आवाज नेहमीच आधी पोचतो. तो ऐकूच येणार नाही इतके शांत धनुष्य करता येत नाही. प्रश्न उरतो तो मधल्या वेळेचा. वरचा ५२ मीटर वेगाचा बाण १० मीटरवर पोचण्याआधी हरणाला सुमारे ०.१६ सेकंद मिळतात, १८ मीटरवर ०.२९, तर ३६ मीटरवर ०.५९. दचकलेले हरीण पळण्याआधी पाय दुमडून खाली दबते, मग उसळी घेते. आवाज कानी पडल्यापासून शरीर हलेपर्यंत ०.१५ सेकंद जातात असे धरले आणि शरीर केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते असे मानले, तर १० मीटरवर ते मिलिमीटरभरच खाली येईल. १८ मीटरवर ते १० सेंटिमीटर खाली गेलेले असेल. हृदय आणि फुप्फुसांचा वेध घेण्याजोगा भाग सुमारे २० सेंटिमीटरचा असल्यामुळे मध्यावर धरलेला नेम त्याच्या वरच्या कडेवर जाईल. ३६ मीटरवर हरणाला पुरते दबून उडी मारायलाही वेळ मिळतो.

या आकड्यांतून तीन टप्पे स्पष्ट होतात. दहा-बारा मीटरच्या आत धनुष्याचा आवाज जवळजवळ गौण आहे. त्या अंतरावर बाण ओढतानाची खरखर, कपड्यांची सळसळ, वाळक्या पानावर पडलेला पाय यांचेच भय मोठे. पंधरा ते पंचवीस मीटरच्या पट्ट्यात आवाज निर्णायक ठरतो आणि तो कमी करण्यासाठी केलेल्या कष्टांचे चीज होते. त्यापलीकडे शांत धनुष्यही पुरेसे ठरत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. पण जनावराला मिळणारा वेळ दुप्पट होतो आणि त्या उताराचा लाभ पुसून जातो.

आवाजाची पट्टीही तितकीच महत्त्वाची. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या श्रवणचाचण्यांत त्यांचे कान चार ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण आढळले. माणसाचा कान याहून थोड्या खालच्या पट्टीत तल्लख असतो. त्यामुळे शिकाऱ्याला मोठा वाटणारा घुमता ठोका हरणाला तितका खुपत नाही, तर शिकाऱ्याच्या लक्षातही न येणारी दोरीची बारीक झिणझिण, सैल फाळाचा किंवा भात्यातल्या बाणांचा खणखणाट हरणाचे कान टवकारतो. जनावराची मनःस्थितीही हिशेबात धरावी लागते. चरण्यात गुंतलेले किंवा वाऱ्याच्या सळसळीत उभे असलेले जनावर जे ऐकून सोडून देते, त्याच आवाजावर आधीच बावरलेले जनावर उसळते.

आवाज कमी करण्याच्या उपायांना क्रम आहे. पहिला उपाय बाणाचे वजन. धनुष्याच्या ओढीच्या दर पौंडामागे आठ ते दहा ग्रेन, म्हणजे ५० पौंडी धनुष्याला साधारण २६ ते ३२ ग्रॅमचा बाण, हे शिकाऱ्यांनी सोयीचे मानलेले प्रमाण. दुसरा उपाय दोरी आणि मूठ यांतले अंतर. पीळ घातलेल्या दोरीला दोन-चार पीळ चढवले की ती आखडते आणि अंतर वाढते, उलगडले की कमी होते. प्रत्येक धनुष्याला एक अंतर असे सापडते, जिथे हादरा आणि आवाज दोन्ही सर्वांत कमी होतात. तिसरा उपाय संपर्काच्या जागा: बाण टेकतो तिथे चामडे किंवा लोकर, आणि वळलेल्या टोकांवर दोरी बसते तिथे पातळ नमदा.

हे सारे झाल्यावरच दोरीला झुपके बांधण्याची पाळी येते. त्यासाठी बीव्हर किंवा पाणमांजराच्या कातड्याच्या पट्ट्या, लोकरीचे धागे किंवा रबराचे तंतू वापरतात. वाजत्या तंबोऱ्याच्या तारेला बोट लावताच नाद मिटतो, तेच काम हे झुपके करतात. मात्र जागा चुकली तर ते निरुपयोगी ठरतात, कारण कंपाच्या स्थिर बिंदूवर बांधलेला झुपका त्या कंपाला अडवू शकत नाही. म्हणून एक झुपका दोरीच्या एका टोकापासून एक तृतीयांशावर आणि दुसरा दुसऱ्या टोकापासून एक चतुर्थांशावर बांधण्याची पद्धत रूढ झाली. एकाच्या तावडीतून सुटलेला कंप बहुधा दुसऱ्याच्या हाती लागतो. दोरीचा मध्य सर्वांत वेगाने धावतो आणि टोके मंद. त्यामुळे टोकांकडे बांधलेल्या वजनाने बाणाचा वेग फारसा घटत नाही. भिजल्यावर लोकर जड होते, कातडे त्या मानाने कमी. पावसाळी जंगलात कातड्याला पसंती मिळण्याचे हेही एक कारण.

पारख करताना सर्वांत मोठी चूक होते ती स्वतःच्या कानावर विसंबण्याची. धनुर्धराचा कान दोरीपासून वीतभर अंतरावर असतो आणि हाताला बसणारा धक्काही त्याला आवाजासारखा भासतो. विश्वासार्ह पद्धत अशी, की दुसऱ्याने बाण सोडावा आणि ऐकणाऱ्याने निशाणाच्या बाजूला, पण मजबूत आडोशामागे पूर्ण सुरक्षित राहून, शिकारीच्या नेहमीच्या अंतरावरून ऐकावे. बाण शिकारीचेच, त्याच वजनाचे असावेत. एकेक बदल करून दर वेळी पुन्हा ऐकावे. तीक्ष्ण टणत्कार जाऊन बोथट, आखूड ठोका उरला, की धनुष्य पुरेसे शांत झाले असे समजावे. त्यापुढे झुपके वाढवत गेल्याने बाणाचा वेग घटतो, जनावराला मिळणारा वेळ वाढतो आणि शांततेतून मिळवलेले हळूहळू हातचे जाते. उरलेली उणीव शिकाऱ्याने पावले पुढे टाकून भरून काढायची असते. अंतर तेवढे कमी करता आले नाही, तर बाण न सोडणे हाच योग्य निर्णय ठरतो, कारण ओझरत्या बाणाने जखमी होऊन पळालेले जनावर दूर जाऊन तडफडत मरते. धनुष्य शांत करण्याच्या खटपटीचा अंतिम हेतू जनावराच्या वाट्याला असे मरण येऊ नये, हाच आहे.